छातीत पाणी झाले, म्हणजे नेमके कुठे?

‘अमक्याच्या छातीत पाणी झाले’ हे वाक्य तुम्ही घरी, शेजारी किंवा एस.टी.च्या थांब्यावर कधी ना कधी ऐकले असेल. ऐकणारा मान डोलावतो, जणू सगळे उलगडले. पण जरा विचारा: पाणी झाले ते कुठे? फुप्फुसात? प्यालेले पाणी तिकडे वळले काय? आणि ते खरोखर पाणीच असते काय? पुष्कळ मोठ्या माणसांनाही याचे उत्तर देता येत नाही. मग काही घरांत ‘छातीत आधीच पाणी आहे’ म्हणून रुग्णाचे पाणी पिणेच तोडतात. तापाने फणफणलेल्या माणसावर हा निव्वळ अन्याय आहे. (हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या विकारात डॉक्टर पाणी मोजून प्यायला सांगतात, ती गोष्ट वेगळी.)

आपण धुळे जिल्ह्यातल्या शिंदखेड्याचे उदाहरण घेऊ. समजा, दिवाळीची सुट्टी संपली आहे, शिवारात कापसाची वेचणी चालू आहे, आणि नववीतला एक मुलगा बरेच दिवस शाळेत आलेला नाही. आधी त्याला संध्याकाळी बारीक ताप येऊ लागला. मग उजव्या कुशीत कळ सुरू झाली. दीर्घ श्वास घेतला, खोकला किंवा शिंक आली की टोचल्यासारखे होई आणि श्वास अर्ध्यावरच थांबे. ‘कापसाचे गाठोडे उचलताना उसण भरली असेल,’ असे म्हणून आजीने तेल लावले, शेक दिला. आठ-दहा दिवसांनी कळ खरोखरच थांबली. घरचे निर्धास्त झाले. पण आता मुलगा शाळेपर्यंत चालतानाच धापा टाकू लागला.

कळ थांबली आणि धाप लागली. या दोन गोष्टींचा संबंध ओळखायचा तर छातीची रचना नीट पाहायला हवी.

अर्धवट फुगवलेला एक फुगा घ्या. तोंड घट्ट बांधा. आता त्यात एका बाजूने आपली मूठ दाबा. फुग्याचा एक थर मुठीला चिकटून बसेल, दुसरा बाहेर राहील, आणि दोहोंच्या मध्ये फुग्यातली हवा असेल. मूठ फुग्याच्या आत गेली असे वाटते, पण ती फुग्याच्या पोकळीत मुळीच नसते! मूठ म्हणजे फुप्फुस. त्याला चिकटलेला थर आणि बरगड्यांच्या आतल्या बाजूला चिकटलेला थर मिळून जे अस्तर होते त्याला फुप्फुसावरण म्हणतात. डॉक्टर मंडळी त्याला ‘प्लूरा’ म्हणतात. फरक एवढाच, की शरीरात या दोन थरांच्या मध्ये हवा नसते. तिथे द्रवाचा एक पातळ थर असतो. निरोगी माणसाच्या दोन्ही बाजूंचा द्रव एकत्र केला तरी तो दहा-पंधरा मिलिलिटर, म्हणजे दोन-तीन चमचेच भरेल. तो सतत झिरपतो आणि सतत शोषलाही जातो.

एवढ्याशा द्रवाचे काम मोठे आहे. प्रयोगशाळेतून काचेच्या दोन पट्ट्या मागून घ्या. एकीवर पाण्याचा थेंब टाकून दुसरी वर ठेवा. पट्ट्या एकमेकींवरून सहज सरकतील, पण सरळ ओढून वेगळ्या करायला जाल तर होणार नाहीत. फुप्फुस आणि बरगड्या यांचे नाते असेच आहे. फुप्फुस रबरासारखे आत आकसू पाहते, छातीचा पिंजरा बाहेर फाकू पाहतो. या ओढाताणीमुळे दोन थरांमधला दाब बाहेरच्या हवेपेक्षा थोडा कमी राहतो, शांतपणे श्वास सोडल्यावर सुमारे पाच सेंटिमीटर पाण्याच्या उंचीइतका. या थोड्याशा उणेपणावर आपला श्वास चालतो. बरगड्या फाकल्या की फुप्फुस त्यांच्यामागोमाग ओढले जाते. हा उणा दाब लक्षात ठेवा. पुढे पुष्कळ माणसांचे प्राण त्याच्यावर अवलंबून होते असे दिसेल.

आता मुलाकडे वळू. जंतूंमुळे अस्तराला सूज आली. गुळगुळीत थर खरखरीत झाले. प्रत्येक श्वासाला ते एकमेकांवर घासू लागले. गंमत अशी, की फुप्फुसाला चिकटलेल्या थराला वेदना कळतच नाही. बरगड्यांकडच्या थराला मात्र ती चांगलीच कळते. कळ आली ती तिथून. मग सुजलेल्या अस्तरातून द्रव पाझरू लागला, साठू लागला, आणि त्याने दोन्ही थर एकमेकांपासून दूर केले. घासणे थांबले म्हणून कळ थांबली. पण साठलेल्या द्रवाने फुप्फुस दाबले गेले म्हणून धाप लागली. म्हणजे आजीला जे बरे होणे वाटले ते रोगाचे पुढचे पाऊल होते. ताप चालू असताना कुशीतली कळ आपोआप गेली आणि दम लागू लागला, तर त्या दिवशीच दवाखाना गाठावा.

हे पाणी पाहायचे कसे? डब्यात तेल कुठपर्यंत आहे हे पाहायला दुकानदार बोटाने डबा वाजवतो. रिकामा भाग घुमतो, भरलेला ‘ठप्प’ वाजतो. व्हिएन्नातला डॉक्टर लिओपोल्ड औएनब्रुगर हा खाणावळवाल्याचा मुलगा. पिंपात दारू किती उरली हे वडील वाजवून पाहत, ते त्याने लहानपणी पाहिले होते असे सांगतात. छाती वाजवून आतला द्रव ओळखण्याची रीत त्याने १७६१ साली प्रसिद्ध केली. त्या काळी तिच्याकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही. १८१६ मध्ये फ्रान्सच्या लाएनेकने स्टेथॉस्कोप तयार केला. त्याच्याही फार आधी, सुमारे चोवीस शतकांपूर्वी, ग्रीसमधले हिपॉक्रेटीसच्या परंपरेतले वैद्य रुग्णाचे खांदे धरून त्याला हलवीत आणि छातीला कान लावून आतले डचमळणे ऐकत.

आज शिंदखेड्याच्या ग्रामीण रुग्णालयातला डॉक्टरही आधी छाती वाजवूनच पाहील. उजवीकडे खालचा भाग ठप्प वाजतो, तिथे श्वासाचा आवाज ऐकू येत नाही, हे त्याला दोन मिनिटांत कळते. मग एक्स-रे. उभ्याने काढलेल्या चित्रात फुप्फुसाचा खालचा टोकदार कोपरा बुजलेला दिसतो. पण त्यासाठी सुमारे दोनशे मिलिलिटर द्रव साठावा लागतो. त्याहून कमी असला तर सोनोग्राफीत दिसतो.

पाणी आहे हे कळले. पण कसले पाणी, हे अजून कळलेले नाही, आणि सगळा इलाज त्यावर अवलंबून आहे. त्यासाठी सुई घालून थोडा द्रव काढावा लागतो. सुईचे नाव काढताच घरोघर भीती पसरते. ‘पाणी काढले की माणूस खचतो’, ‘एकदा काढले की पुनःपुन्हा भरते’ असे सांगणारे नातेवाईक सगळीकडे असतात. पाणी पुन्हा भरते ते रोग शिल्लक असल्यामुळे, सुईमुळे नव्हे. रुग्णाला पुढे झुकवून बसवतात, पाठीची जागा बधिर करतात आणि दोन बरगड्यांच्या मधून, खालच्या बरगडीच्या वरच्या कडेला लागून सुई घालतात. वरच्या कडेलाच का? कारण प्रत्येक बरगडीच्या खालच्या कडेला रक्तवाहिन्या आणि मज्जातंतू असतात; त्यांना चुकवायचे असते. धाप कमी करण्यासाठी द्रव काढायचा असला तरी एका वेळी साधारणपणे दीड लिटरच्या पुढे जात नाहीत. दाबून राहिलेले फुप्फुस एकदम फुलले तर त्यालाच सूज येण्याचा धोका असतो.

हृदय किंवा मूत्रपिंड दुबळे झाल्यानेही छातीत द्रव साठतो. तो नुसता झिरपलेला असतो, त्यात प्रथिने कमी असतात. अस्तर सुजून पाझरलेल्या द्रवात प्रथिने जास्त असतात. द्रवातल्या प्रथिनांचे प्रमाण रक्तातल्या प्रथिनांच्या निम्म्याहून अधिक असेल तर तो सुजेचा द्रव समजावा, असा नियम अमेरिकेच्या रिचर्ड लाइट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७२ मध्ये मांडला. त्याच्या जोडीला एका विकराचीही मोजणी करतात. आजही जगभर हाच नियम वापरला जातो.

आपल्या मुलाचा द्रव गव्हाच्या काडासारखा फिकट पिवळा, स्वच्छ निघाला. त्यात लिम्फोसाइट जातीच्या श्वेतकणिका पुष्कळ होत्या, आणि ‘एडीए’ या विकराचे प्रमाण ४० च्या बरेच वर होते. आपल्या देशात तरुण मुलाच्या एका बाजूला असा द्रव सापडला, की क्षयरोगाचाच विचार प्रथम करतात. याच्या द्रवात क्षयाचे जंतू मात्र सूक्ष्मदर्शकाखाली दिसत नाहीत, दहा रुग्णांत एखाद्यात दिसले तर दिसले. कारण अस्तरात शिरलेले जंतू मूठभरच असतात; पाण्याचा एवढा पूर येतो तो त्यांच्याविरुद्ध शरीराने उठवलेल्या रणधुमाळीमुळे. म्हणून ‘जंतू सापडले नाहीत, म्हणजे क्षय नाही’ असे म्हणून घरी जाणे फसवे आहे.

आता त्याच गल्लीतली चार वर्षांची एक मुलगी घेऊ. तिला बारीक नव्हे, सणसणीत ताप. आधी न्यूमोनिया झाला, औषधाने चार दिवस उतार पडला, मग ताप पुन्हा चढला. तिच्याही ‘छातीत पाणी झाले’. पण सुईत आला तो गढूळ द्रव, आणि त्यामागून पू. याला एम्पायमा म्हणतात. न्यूमोकोकस, स्टॅफिलोकोकस यांसारखे जंतू फुप्फुसातून अस्तराच्या पोकळीत उतरले की असे होते.

दूध विरजते तेव्हा काय होते हे तुम्हाला ठाऊक आहे. जीवाणू साखर खातात आणि आम्ल तयार करतात. पोकळीतही तसेच घडते. जंतू आणि त्यांच्याशी झुंजणाऱ्या श्वेतकणिका मिळून द्रवातली साखर संपवतात, द्रव आम्ल होतो. रक्ताचा पीएच ७.४ असतो, या द्रवाचा ७.२ च्या खाली गेला, तर तो नळी घालून काढावाच लागेल असे डॉक्टर समजतात. पू डोळ्यांना दिसला तर मोजायचीही गरज नाही.

नुसत्या औषधाने का भागत नाही? औषध रक्तातून जाते, आणि साठलेल्या पुवात रक्तवाहिन्या नसतात. बाहेरच्या कडेला औषध पोचते, मधल्या घट्ट, आम्ल द्रवात जंतू तग धरून राहतात. शिवाय वेळ घालवावा तसा द्रव बदलतो. पहिले काही दिवस तो पातळ असतो. मग त्यात फायब्रिनचे, म्हणजे रक्त गोठताना जे धागे बनतात त्यांचे, जाळे पसरते आणि एका पोकळीचे दहा कप्पे होतात. काही आठवड्यांनी फुप्फुसावर जाड साल चढते. मग पू काढला तरी फुप्फुस फुलू शकत नाही. पहिल्या दिवसांत जे काम एका नळीने होते, त्यासाठी नंतर शस्त्रक्रिया करावी लागते.

मग छाती उघडून पू काढून टाकला की झाले, असे तुम्ही म्हणाल. पूर्वीच्या शल्यवैद्यांनाही असेच वाटे. १९१८ साली इन्फ्लुएंझाची महासाथ जगभर पसरली. जूनमध्ये ती मुंबईला पोचली आणि पुढे भारतात एक कोटीहून अधिक माणसे दगावली. त्या वर्षी अमेरिकेच्या सैनिकी छावण्यांत न्यूमोनियानंतर हजारो तरुणांच्या छातीत पू झाला. शल्यवैद्य बरगडीचा तुकडा काढून छाती ताबडतोब उघडीत, आणि शेकडा ३० च्या आसपास रुग्ण मरत. याचे कारण शोधण्यासाठी एक आयोग नेमला गेला. त्यातल्या एव्हार्ट्स ग्रॅहम या तरुण शल्यवैद्याने कुत्र्यांवर प्रयोग करून कोडे सोडवले. उत्तर तुम्हालाही देता येईल: तो उणा दाब! सुरुवातीच्या दिवसांत फुप्फुस मोकळे असते, आसपास चिकटलेले नसते. तेव्हा छातीला भोक पाडले की बाहेरची हवा आत घुसते, फुप्फुस मिटते, आणि आधीच अर्धमेल्या रुग्णाचा श्वास कोंडतो. रोगाने मारले नाही त्याला शस्त्राने मारले, असेच म्हणावे लागेल. आयोगाने सांगितले, की आधी हवा आत जाऊ न देता पू काढा. छाती उघडायचीच तर फुप्फुस चिकटून स्थिर झाल्यावर. यानंतर मृत्यूंचे प्रमाण शेकडा ५ च्या आसपास आले. लक्षात घ्या, तेव्हा पेनिसिलिन नव्हते. फ्लेमिंगला त्याचा सुगावा लागला तो १९२८ मध्ये.

हवा आत येऊ न देता पू बाहेर कसा काढायचा? ही युक्ती हॅम्बुर्गच्या गोटहार्ड ब्यूलाऊ या डॉक्टरने १८७५ च्या सुमारासच वापरली होती. ती तुम्ही घरी करून पाहू शकता. पेल्यात पाणी घेऊन त्यात सरबत प्यायची एक नळी दोन सेंटिमीटर बुडवा. नळीतून फुंकर मारा: हवा बुडबुडे होऊन बाहेर येते. आता हवा आत ओढून पाहा: हवा येत नाही, नळीत पाणी चढते. बुडवलेली नळी म्हणजे एकतर्फी दार! रुग्णाच्या छातीतून निघालेली नळी बाटलीतल्या पाण्यात अशीच बुडवलेली असते. रुग्णाने श्वास घेतला की नळीत पाणी थोडे वर चढते, सोडला की उतरते. पाणी हलायचे थांबले, तर नळी तुंबली असेल किंवा फुप्फुस पूर्ण फुलून छातीला टेकले असेल. कोणते, ते डॉक्टर पाहतात. बाटली नेहमी छातीच्या पातळीच्या खाली ठेवायची. ती कोणी उचलून खाटेवर ठेवली, तर बाटलीतले पाणी छातीत जाईल. भेटीला येणाऱ्या पाहुण्यांना हे कोणीतरी सांगायला हवे, तुम्हीच सांगा.

कप्पे पडलेल्या पुवासाठी आणखी एक उपाय आहे. पू चिकट का असतो? मेलेल्या श्वेतकणिकांतून बाहेर पडलेल्या डीएनएच्या लांबच लांब रेणूंमुळे. जो रेणू तुम्ही आनुवंशिकतेच्या धड्यात शिकता, तोच इथे गोंदाचे काम करतो. न्यूयॉर्कच्या टिलेट आणि शेरी यांनी १९४९ मध्ये फायब्रिन तोडणारे आणि डीएनए तोडणारे विकर छातीत सोडून पाहिले. मग हा विचार मागे पडला. २००५ मध्ये ब्रिटनमधल्या मोठ्या चाचणीत एकट्या फायब्रिनतोड्याचा काही लाभ दिसला नाही. २०११ मध्ये २१० रुग्णांवरच्या दुसऱ्या चाचणीत दोन्ही जातींची औषधे एकत्र दिली, तेव्हा द्रव चांगला निघाला. एकेकटी दिली तेव्हा नाही. धागे तोडले पण गोंद राहिला, किंवा गोंद विरघळला पण धागे राहिले, तर नळीतून काय येणार?

आपल्या मुलीला अशी नळी लागेल, आणि शिरेतून प्रतिजैविके. त्यासाठी तिला धुळ्याला, श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात न्यावे लागेल. शिंदखेड्याला रेल्वे आहे, पण ती सुरत-भुसावळ मार्गाची; धुळ्याला जायचे तर रस्त्यानेच. निघायला उशीर होतो तो बहुतेक वेळा अंतरामुळे नव्हे, तर ‘आणखी दोन दिवस पाहू’ या विचारामुळे. न्यूमोकोकसविरुद्धची लस देशाच्या लसीकरण कार्यक्रमात २०१७ पासून काही राज्यांत आणि २०२१ पासून सर्वत्र दिली जाऊ लागली. घरात तान्हे मूल असेल तर त्याचे लसीकरणाचे कार्ड एकदा काढून पाहा.

नववीतल्या मुलाला मात्र नळीची गरज नाही. त्याला हवी आहेत औषधे: आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन, पायराझिनामाइड व एथांब्युटॉल ही चार दोन महिने, मग पायराझिनामाइड वगळून उरलेली तीन चार महिने. सरकारी दवाखान्यात ती मोफत मिळतात. रिफाम्पिसिनने लघवी नारिंगी होते. घाबरून गोळ्या थांबवू नयेत. मात्र डोळे पिवळे झाले, उलट्या थांबेनात किंवा नजर अंधुक झाली तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. आहारासाठी सरकार रुग्णाच्या खात्यात पैसे जमा करते. नोव्हेंबर २०२४ पासून ही रक्कम महिन्याला हजार रुपये झाली.

इथे पुन्हा एक फसगत टपून बसलेली असते. अस्तराचा क्षय औषधाविनाही काही आठवड्यांत ओसरतो, पाणी आपोआप शोषले जाते. मग औषधाची घाई कशाला? फिनलंडच्या सैन्यात १९३९ ते १९४५ या काळात असे पाणी झालेल्या २८१६ जणांवर पुढे लक्ष ठेवले गेले. त्या वेळी क्षयावर आजची औषधे नव्हती. पुढील काही वर्षांत त्यांच्यापैकी शेकडा ४३ जणांना क्षयाने पुन्हा गाठले. पाणी गेले होते, जंतू गेले नव्हते. महिन्याभरात ताप जातो, भूक लागते, वजन वाढते, आणि गोळ्यांचा कंटाळा येतो, तो काळ सर्वांत धोक्याचा. आपल्या भागातून पुष्कळ कुटुंबे ऊसतोडीला गुजरातेत जातात. आईवडिलांबरोबर मुलगा गेला तर औषध तुटण्याची भीती असते. रुग्णाची नोंद ‘निक्षय’ या संगणकीय यंत्रणेत असते, त्यामुळे दुसऱ्या जिल्ह्यात किंवा राज्यातही औषध चालू ठेवता येते. फक्त निघण्यापूर्वी आशाताईंना किंवा दवाखान्यात सांगायला हवे.

मुलगा शाळेत परत येईल तेव्हा त्याच्याशेजारी बसायचे की नाही? क्षय नुसत्या अस्तरात असला तर तो खोकल्यातून पसरत नाही असेच म्हणता येईल. फुप्फुसातही आहे का हे पाहण्यासाठी थुंकीची तपासणी करतात, आणि तो असला तरी योग्य औषधे सुरू झाल्यावर संसर्गाची शक्ती झपाट्याने घटते. डॉक्टरांनी शाळेत जायला परवानगी दिली, की त्याला वेगळ्या बाकावर बसवण्याचे कारण उरत नाही. शिक्षकांनी एवढे करावे, की पहिले काही आठवडे त्याला मैदानाला फेऱ्या मारायला लावू नयेत.

सहा महिन्यांनी पुन्हा एक्स-रे काढतील. उजवीकडचा कोपरा कदाचित डावीकडच्याइतका टोकदार दिसणार नाही. दोन थर तिथे एकमेकांना चिकटलेले असतील. तो व्रण आहे, रोग नव्हे. पुढे कधी नोकरीसाठी किंवा सैन्यभरतीसाठी तपासणी झाली, तर नवा डॉक्टर त्या कोपऱ्याकडे बोट दाखवून विचारील. म्हणून ही फिल्म आणि औषधे पूर्ण केल्याचा कागद शाळेच्या दाखल्यांबरोबर जपून ठेवावा.